अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसचा आर्थिक भार : शिरूर-दौंड परिसरातील चिकित्सकांचे कर्तव्य

प्रास्ताविक

कटिशूलाचा रुग्ण चिकित्सालयात आला नाही, असा दिवस आपणांपैकी कोणाच्याही वाट्याला क्वचितच येतो. शिरूर तालुक्यातील कांदा उत्पादक शेतकरी, रांजणगाव औद्योगिक वसाहतीतील कामगार, दौंडकडील ऊसतोड मजूर, कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांतील तरुण, दौंडहून रोज रेल्वेने पुण्यास जाणारे नोकरदार या सर्वांची कंबर दुखते आणि विश्रांती व स्नेहन-स्वेदनाने बहुतेकांची बरीही होते. या गर्दीतच एखादा पंचविशीतला तरुण असा असतो की, ज्याची कंबर विश्रांतीने अधिकच दुखते. त्याच्याकडे आपले लक्ष वेळेवर जावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

दौंडला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली ‘कॉपकॉर्ड’ पाहणी सुरू केली. त्या पाहणीतील ४,०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्के व्यक्तींना अस्थि-संधी-स्नायूंच्या वेदना होत्या. त्यांत झीज व मृदू भागांच्या विकारांचे प्रमाण मोठे, तर दाहजन्य संधिविकारांचे प्रमाण तुलनेने अल्प होते. व्याधी विरळ असल्यानेच तो निसटतो, आणि निसटला की महाग पडतो.

व्याधिपरिचय

या व्याधीत त्रिकसंधी व पृष्ठवंश यांना दीर्घकालीन शोथ येतो. तो बहुधा ४५ वर्षे वयापूर्वी सुरू होतो. पुढील लक्षणे विचारावीत : वेदना तीन महिन्यांहून अधिक काळ आहे काय, सकाळची जखडण अर्ध्या तासाहून जास्त टिकते काय, उत्तररात्री वेदनेने झोप मोडते काय, हालचालीने बरे वाटते काय, नितंबांत कधी उजवीकडे तर कधी डावीकडे दुखते काय, आणि डोळा लाल होऊन दुखण्याचा पूर्वेतिहास आहे काय. कालांतराने कशेरुका परस्परांस जोडल्या जाऊन पाठ ताठ होते. एकदा जुळलेले हाड कोणत्याही पद्धतीच्या औषधाने पूर्ववत होत नाही, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

ग्रंथांत या नावाचा व्याधी शोधत बसू नये. लक्षणांवरून कटिग्रह, त्रिकग्रह, पृष्ठग्रह, सामावस्थेत आमवात आणि पुढे अस्थिमज्जागत वात असा विचार करावा लागतो.

भाराचे स्वरूप

आर्थिक भार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर औषधाचे बिल येते. वस्तुतः तो त्याचा एक भाग आहे. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या रुग्णांच्या एकूण खर्चापैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग बुडालेल्या कामाचा आढळला. निदानास लागणारा विलंब या नुकसानीत भर घालतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात हा विलंब सरासरी सुमारे ७ वर्षे होता.

आपल्या परिसरासाठी केवळ उदाहरण म्हणून हिशेब मांडू. समजा, एका कामगाराचा रोज ५०० रुपये आहे व त्याचे महिन्याला ४ खाडे होतात. दरमहा २,००० याप्रमाणे ७ वर्षांत १,६८,००० रुपये बुडाले. दवाखान्यात सोबत येण्यासाठी वडिलांचाही महिन्याला एक रोज बुडाला, तर आणखी ४२,००० रुपये. या २,१०,००० रुपयांत अद्याप एकही गोळी, क्ष-किरण वा एस.टी.चे भाडे धरलेले नाही. सुटलेली नोकरी, मोडलेले लग्न आणि सावकाराचे व्याज यांचा हिशेब तर कोणत्याच वहीत लिहिला जात नाही.

विलंबात आपला वाटा

‘मणक्यात गॅप आहे’ हे निदान आपल्या भागात फार सहज दिले जाते. रुग्ण कमरेला पट्टा बांधतो, वजन उचलणे सोडतो आणि पडून राहतो. या व्याधीत नेमके तेच अहितकर ठरते. कमरेच्या मणक्यांचा महागडा एमआरआय होतो, पण त्रिकसंधींकडे कोणी पाहत नाही. आम्हीही कित्येक रुग्णांना महिनोन्‌महिने गुग्गुळकल्प देत राहिलो आणि मग निदान झाले, हे येथे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे.

चिकित्सकांनी करावयाच्या गोष्टी

१. मोजपट्टी वापरावी. उभ्या रुग्णाच्या कमरेवरील दोन खळग्यांना जोडणाऱ्या रेषेवर मध्यभागी एक खूण व तिच्या १० सें.मी. वर दुसरी खूण करावी. गुडघे न वाकवता पुढे वाकल्यावर हे अंतर १५ सें.मी.पर्यंत वाढले नाही, तर शंका घ्यावी. छातीचे प्रसरण २.५ सें.मी.हून कमी असणे हेही संशयास्पद होय.

२. प्रथम श्रोणिभागाचे क्ष-किरण चित्र घ्यावे. आरंभी ते प्राकृत असू शकते. शंका कायम राहिल्यास त्रिकसंधींच्या एमआरआयचा विचार व्हावा. केवळ एचएलए-बी२७ चाचणी होकारार्थी आली म्हणून निदान निश्चित होत नाही.

३. शंका बळावताच रुग्णास संधिवाततज्ज्ञाकडे पाठवावे. पुण्याची एक फेरी सात वर्षांच्या खाड्यांहून स्वस्त आहे.

४. सामावस्थेत लंघन, दीपन-पाचन, रूक्ष वालुकास्वेद व बलानुसार एरंडस्नेह हा क्रम ठेवावा. निरामावस्थेत बस्ती व स्नेहन योजावे. सामावस्थेत खर्चिक तैलोपचारांची माळ लावणे शास्त्राला धरून नाही, आणि रुग्णाच्या खिशालाही परवडणारे नाही. रोजचा व्यायाम व धूम्रपानत्याग यांना तर काहीच खर्च नाही.

५. ताठरलेल्या पृष्ठवंशास झटके देऊ नयेत व इतरांकडून देववू नयेत. असा मणका ठिसूळ असतो. अस्थिभंग व पक्षाघात होऊ शकतो.

६. तज्ज्ञांनी सुरू केलेली औषधे परस्पर बंद करवू नयेत. डिसेंबर २०१४ मध्ये झायडस कॅडिला कंपनीने ॲडॅलिम्युमॅबचे जैवसदृश औषध भारतात आणले आणि या वर्गातील औषधांच्या किमती उतरू लागल्या, तरी सामान्य कुटुंबास ती जडच जातात. ती घेणाऱ्या रुग्णास क्षयाचा धोका वाढतो. म्हणून ज्वर, कास वा वजन घटणे दिसताच त्वरित तज्ज्ञास कळवावे.

७. कामगार राज्य विमा योजनेत नोंद असलेल्या रुग्णास तेथील दवाखान्यातही नाव नोंदविण्यास सांगावे. पात्र कामगारास आजारपणातील रजेचा मोबदला मिळतो, परंतु त्यासाठी योजनेच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते.

औषधविक्रेत्यांस विनंती

तोच तरुण दर आठवड्यास वेदनाशामक गोळ्या मागू लागला, तर या व्याधीची पहिली खूण चिकित्सकाआधी आपणांस दिसते. त्यास चिकित्सकाकडे पाठवावे. लेबल नसलेल्या ‘वाताच्या पुड्या’ दुकानात ठेवू नयेत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्यास आज दुखणे थांबते. पुढे अस्थिक्षय, मधुमेह व जठरव्रण यांचा खर्च मात्र त्याच घरावर येतो.

उपसंहार

औषधांच्या किमती ठरविणे आपल्या हाती नाही. निदानापूर्वीची वर्षे कमी करणे मात्र बव्हंशी आपल्याच हाती आहे, कारण शिरूर-दौंडच्या गावांतील रुग्ण प्रथम आपल्याच दारी येतो. चाळिशीच्या आतील जीर्ण कटिशूलाच्या प्रत्येक रुग्णास ‘सकाळी जखडते का, आणि चालल्यावर मोकळे होते का?’ एवढे दोन प्रश्न व्यवसायबंधूंनी आजपासून आवर्जून विचारावेत, अशी आमची नम्र विनंती आहे.