सैन्यातील स्त्रिया आणि नोकरीची मुदत

स्त्रियांनी अधिक संख्येने सैन्यात यावे, हा विषय निघाला की बहुधा झाशीच्या राणीचे स्मरण करून दिले जाते. ते योग्यच आहे. १९४३ साली सिंगापूर येथे आझाद हिंद सेनेत जे स्त्रियांचे पथक उभे राहिले, त्यालाही राणीचेच नाव होते आणि डॉ. लक्ष्मी स्वामिनाथन त्याच्या प्रमुख होत्या. परंतु स्फूर्ती ही एक गोष्ट आणि नोकरीच्या अटी ही दुसरी. कोणती मुलगी आयुष्याची किती वर्षे सैन्याला देईल, हे पुष्कळदा या दुसऱ्या गोष्टीवरून ठरते.

१९५० च्या सेना अधिनियमाचे बारावे कलम असे की, केंद्र सरकार अधिसूचनेने ज्या शाखा ठरवून देईल तेवढ्या वगळता स्त्रीला नियमित सेनेत प्रवेश नाही. त्यामुळे कित्येक दशके लष्करी स्त्री म्हणजे डॉक्टर किंवा परिचारिका, असेच समीकरण राहिले. ३० जानेवारी १९९२ च्या अधिसूचनेने टपाल, कायदा, शिक्षण, शस्त्रसामग्री व पुरवठा या विभागांतील काही जागा खुल्या झाल्या. मद्रासच्या प्रशिक्षण केंद्रात पंचवीस तरुणी दाखल झाल्या आणि मार्च १९९३ मध्ये अधिकारी होऊन बाहेर पडल्या.

या नेमणुकीची मुदत होती अवघी पाच वर्षे! पुढे ती वाढत वाढत चौदा वर्षांपर्यंत गेली. येथे वाचकाने थोडे गणित करावे. विशी ओलांडून सैन्यात गेलेली स्त्री चौदा वर्षांनी, साधारण पस्तिशी-चाळिशीच्या दरम्यान, बाहेर पडणार. अधिकाऱ्याला निवृत्तिवेतन मिळण्यास वीस वर्षांची सेवा लागते. म्हणजे निवृत्तिवेतन नाही, आणि नवा व्यवसाय आरंभण्याचे वयही उलटत आलेले. तिच्याबरोबर त्याच मुदतीवर आलेल्या पुरुषाला 'स्थायी कमिशन' मागता येत असे, तिला नाही. ('कमिशन' या शब्दाला मराठीत सोयीचा प्रतिशब्द नाही; म्हणून तो तसाच ठेवला आहे.) २००८ साली कायदा व शिक्षण या दोन विभागांपुरती ही वाट मोकळी झाली.

प्रश्न न्यायालयात गेलेलाच होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्त्रियांच्या बाजूने कौल दिला, आणि १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. ग्रामीण भागातून आलेले जवान स्त्रीचे आधिपत्य स्वीकारण्यास मनाने तयार नाहीत, असाही एक युक्तिवाद सरकारपक्षाने केला होता. न्यायालयाने तो मानला नाही. तुकडीचे नेतृत्व सरसकट नाकारणेही गैर ठरविले. पायदळासारख्या लढाऊ शाखांचा प्रश्न मात्र त्या दाव्यात नव्हता.

तथापि निकाल लागला म्हणजे अन्याय संपला, असे होत नाही. स्थायी कमिशनसाठी निवड सुरू झाली तेव्हा जुने गोपनीय अहवाल पाहण्यात आले. ज्यांना बढतीची वाटच नव्हती, त्यांचे अहवाल वरिष्ठांनी कितपत मनावर घेऊन लिहिले असतील? शिवाय पुरुषांची शारीरिक पात्रता सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी तपासली जाई. तीच कसोटी या स्त्रियांना उतारवयात लावण्यात आली. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धतही भेदभावाचीच ठरविली. वरवर समान दिसणारा नियम असमान कसा असू शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण आमच्या तरी पाहण्यात नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायालयाने राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची प्रवेशपरीक्षा मुलींना खुली करण्याचा आदेश दिला. खडकवासल्याच्या या संस्थेतून ३० मे २०२५ रोजी सतरा मुलींची पहिली तुकडी मुलांच्या बरोबरीने संचलन करून बाहेर पडली. प्रबोधिनीच्या वाटेने येणाऱ्याला आरंभापासूनच स्थायी कमिशन असते. त्यामुळे चौदाव्या वर्षाची टांगती तलवार या मुलींच्या डोक्यावर नाही.