फोटो खोटा, की माल खोटा?
कापड व्यापाऱ्यांसाठी छोट्या डिजिटल कॅमेऱ्याचे दोष आणि त्यांचे इलाज

कापडाचा व्यापार पूर्वी हाताने आणि डोळ्याने होत असे. गिऱ्हाईक ताग्याची घडी मोडून कापड बोटांत चोळून पाही, दारात उजेडाला नेऊन रंग पाही आणि मगच भावाची बोलणी सुरू होत. आज भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचा पुष्कळ माल केवळ फोटो पाहून दूरच्या गावी विकला जातो. म्हणजेच फोटो हाच नमुना झाला आहे. हा नमुना चुकीचा निघाला तर गाठ परत येते, जाण्या-येण्याचे भाडे अंगावर पडते आणि वर्षानुवर्षे जोडलेले गिऱ्हाईक तुटते. फोटो काढणाऱ्याच्या मनात बहुधा खोट नसते, खोट कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये असते. पण गिऱ्हाइकाला ती व्यापाऱ्याचीच खोट वाटते.

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतले ओले धान्य बाहेर काढले आणि ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, अशी विक्रेत्याला विचारणा केली, हा प्रसंग आपण सर्व जाणतो. हनफी फिकहमध्ये न पाहता माल घेणाऱ्याला, माल पाहिल्यानंतर सौदा कायम ठेवण्याचा किंवा मोडण्याचा अधिकार आहे. त्यास खियार-ए-रुयत म्हणतात. आपल्या देशाच्या १९३० च्या मालविक्री कायद्यातही कलम १५ वर्णनावरून केलेल्या विक्रीविषयी आणि कलम १७ नमुन्यावरून केलेल्या विक्रीविषयी आहे. माल वर्णनाशी आणि नमुन्याशी जुळला पाहिजे, ही त्यातील अट आहे. तेव्हा कॅमेऱ्याचे दोष ओळखणे हा शौक नव्हे, तिजारतीचाच भाग आहे.

खिशात मोबाईल असताना छोटा कॅमेरा कशाला, असे कुणी विचारील. अनेक दुकानांच्या गल्ल्यात हा कॅमेरा आजही आहे. तो दुकानातच राहतो, कोणीही नोकर वापरू शकतो आणि त्याचे झूम भिंगाचे असते. मात्र एक अडचण आहे. २०१० साली जगभर असे दहा कोटींहून अधिक कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते, ते प्रमाण २०२३ मध्ये सतरा लाखांच्या आसपास आले. साहजिकच दुरुस्ती करणारे आणि सुटे भाग दोन्ही दुर्मिळ झाले. म्हणून लहानसहान इलाज आपल्यालाच आले पाहिजेत.

पहिली परीक्षा : दोष कुठे आहे?

दुरुस्तीवाल्याकडे धावण्यापूर्वी कॅमेरा फोटो पाहण्याच्या बटणावर न्या आणि जुने फोटो उघडा. जुने फोटो नीट दिसतात, पण नवीन दृश्य काळे, जांभळट किंवा फाटल्यासारखे दिसते, असे असेल तर दोष बहुधा आतल्या सेन्सरमध्ये आहे. जुने फोटोही दिसत नसतील तर पडदा, बॅटरी किंवा कार्ड पाहा. पडद्यावर खराब दिसणारा फोटो संगणकावर चांगला दिसला तर दोष फक्त पडद्याचा. या एका परीक्षेने निम्मा गोंधळ मिटतो.

सेन्सरच्या दोषाविषयी एक माहिती असावी. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये अनेक जपानी कंपन्यांनी आपल्या काही मॉडेलांच्या मोफत दुरुस्तीची घोषणा केली होती. उष्ण आणि दमट हवेत सेन्सरच्या आतील तारांचे जोड सुटतात, असे आढळले होते. आज त्या सवलतीवर विसंबून राहू नये. पण मुंबई-कोकणच्या हवेत त्या काळातील जुना कॅमेरा विकत घेताना आधी दोन-चार फोटो काढून पाहावेत.

रंग बदलतो

कापडवाल्यांची सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. मोतिया कापड पांढरे दिसते, काळे राखी दिसते, ट्यूबलाइटखाली सगळा माल हिरवट दिसतो. याची कारणे दोन.

पहिले कारण व्हाइट बॅलन्स. प्रत्येक उजेडाला स्वतःचा रंग असतो : पिवळा बल्ब पिवळट, सावलीतला दिवसाचा उजेड निळसर. कॅमेरा 'ऑटो'वर असला की तो हा रंग स्वतःच काढून टाकू पाहतो. परंतु चौकटीत केवळ एकाच रंगाचे कापड भरलेले असेल तर कॅमेरा फसतो. तो कापडाचाच रंग उजेडाचा दोष समजून कमी करतो. ग्रे कापडाचा पिवळसरपणा असाच उडतो आणि पाहणाऱ्याला ते ब्लीच केलेले वाटते. झगडा इथूनच सुरू होतो.

इलाज : मेनूमध्ये 'कस्टम' व्हाइट बॅलन्स असेल तर ज्या उजेडात फोटो काढायचा त्याच उजेडात कोरा पांढरा कागद समोर धरून तो नोंदवून घ्या. ती सोय नसेल तर उजेडाप्रमाणे सूर्य, ढग, बल्ब किंवा ट्यूब यांपैकी योग्य चिन्ह निवडा. दोन प्रकारचे उजेड एकत्र करू नका. खिडकीचा उजेड घेतला तर दुकानातले दिवे बंद करा. कापडाच्या एका कोपऱ्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवून फोटो काढा, म्हणजे गिऱ्हाइकालाही पट्टी पाहून रंगाचा अंदाज येतो.

दुसरे कारण उजेडाचे माप. कॅमेरा प्रत्येक दृश्य मध्यम उजळ करू पाहतो, म्हणून पांढरे मळकट आणि काळे राखी येते. अधिक-उणे चिन्हाच्या सेटिंगने पांढऱ्या कापडासाठी +१ आणि काळ्यासाठी −१ करून पाहा. भडक लाल कापडात वीण दिसेनाशी होऊन नुसता रंगाचा थर दिसतो, तिथे थोडे उणे करावे. जरीवर फ्लॅश मारू नये, जर पांढरी पडते आणि तिचा सोनेरीपणा जातो. काही काळी सिंथेटिक कापडे कॅमेऱ्यात तपकिरी किंवा जांभळट येतात. डोळ्याला न दिसणारे इन्फ्रारेड किरण त्या रंगातून परावर्तित होतात आणि काही कॅमेऱ्यांचे फिल्टर ते पुरते अडवीत नाहीत. यावर सेटिंगचा इलाज नाही. अशा मालाचा तुकडाच पाठवावा.

ट्यूबलाइटखाली काही फोटोंत आडवे पट्टे येतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. उत्तम इलाज म्हणजे दिवसाचा उजेड.

फोटो धूसर येतो

धूसरपणाचे तीन प्रकार आहेत आणि तिघांचे इलाज वेगळे.

सगळे दृश्य एकाच दिशेला ओढल्यासारखे दिसते, तेव्हा हात हलला असे समजावे. कॅमेरा ताग्यांच्या थप्पीवर टेकवा आणि दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावा, म्हणजे बटण दाबल्याचा धक्काही लागत नाही.

मागचे कपाट स्पष्ट आणि पुढचे कापड अस्पष्ट असेल, तर फोकस चुकला. बटण आधी अर्धे दाबायचे, फोकस झाल्याची खूण दिसली की मग पूर्ण. साध्या एकरंगी कापडावर कॅमेऱ्याला पकडायला काही सापडत नाही, म्हणून किनारीवर किंवा लेबलवर बटण अर्धे दाबून ठेवा, मग चौकट हवी तिथे सरकवा. वीण दाखवायला अगदी जवळ जायचे असल्यास फुलाचे चिन्ह, म्हणजे मॅक्रो, लावा. त्याशिवाय बरेचसे छोटे कॅमेरे अर्ध्या मीटरच्या आतले स्पष्ट घेत नाहीत. मॅक्रोत झूम लांबवू नये.

सगळ्या फोटोवर दुधाळ झाक असेल तर भिंगावर बोटाचा तेलकटपणा आहे. इथे एक सावधगिरी हवी. भिंग दुकानातल्या कापडाने पुसू नका. कोऱ्या कापडावर सायझिंगची खळ असते, तिच्या कणांनी भिंगावर ओरखडे पडतात. आधी रबरी फुग्याने धूळ उडवावी, मग चष्म्याच्या मऊ कापडाने हलक्या हाताने पुसावे.

कापडावर लाटा दिसतात

बारीक चौकडी, सूटिंग, दाट विणीचे शर्टिंग यांच्या फोटोत कधी इंद्रधनुष्यासारख्या लाटा दिसतात आणि गिऱ्हाईक विचारते, डिझाइन बदलले काय? याला मॉयरे म्हणतात. कापडाचे धागे एका जाळीसारखे, सेन्सरचे बिंदू दुसऱ्या जाळीसारखे. दोन जाळ्या एकमेकींवर धरल्या की तिसरीच नक्षी दिसते, मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक आले की दिसते तशी. इलाज सोपा आहे : एक पाऊल मागे किंवा पुढे व्हा, कॅमेरा थोडा तिरपा धरा. खात्री मात्र संगणकावर फोटो पूर्ण आकारात उघडूनच करा, कारण लहान पडद्यावर दिसणाऱ्या काही लाटा पडद्याच्याच असतात.

पांढरे गोल ठिपके

लूमच्या शेडमध्ये किंवा गोदामात फ्लॅशने काढलेल्या फोटोत हवेत तरंगणारे पांढरे गोल दिसतात. कुणी त्यांना साया म्हणतात, कुणी जिन्नात. बांधवांनो, तो कापसाचा भुसा आहे. फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असल्याने जवळचा उडता कण उजळतो आणि फोकसमध्ये नसल्यामुळे गोल होऊन दिसतो. फ्लॅश बंद करा, ठिपके जातील. प्रत्येक फोटोत त्याच जागी ठिपका येत असेल तर मात्र तो भिंगावरील किंवा सेन्सरवरील दोष समजावा.

बॅटरी आणि कार्ड

पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा चार फोटो काढून बंद पडतो तेव्हा दोष बहुधा सेलचा असतो. भिंतीवरच्या घड्याळाचे स्वस्त सेल कॅमेऱ्याचा भार सोसत नाहीत. निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल घ्यावेत. त्यांच्यावर १.५ ऐवजी १.२ व्होल्ट लिहिलेले असते म्हणून त्यांना कमी दर्जाचे समजू नये. जुने आणि नवे सेल एकत्र घालू नयेत. चपटी लिथियम बॅटरी फुगली असेल तर ती दाबून बसवू नका, वापर तत्काळ थांबवा.

कार्ड 'लॉक' दाखवीत असेल तर त्याच्या कडेची लहान पट्टी वर सरकवा. नवे कार्ड जुना कॅमेरा ओळखत नसेल तर ते कार्ड खराबच असेल असे नाही. साधे एसडी कार्ड २ जीबीपर्यंतचे असते. ३२ जीबीपर्यंतचे एसडीएचसी २००६ मध्ये आणि त्यापुढचे एसडीएक्ससी २००९ मध्ये आले. त्याआधीचा कॅमेरा ही कार्डे सहसा वाचत नाही, म्हणून जुने २ जीबीचे कार्ड जपून ठेवा. कार्डात बिघाड दिसला तर आधी फोटो संगणकावर उतरवा, मगच कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. चुकून फोटो पुसले गेले तर त्या कार्डावर नवा फोटो काढू नका. पुसलेला फोटो लगेच नाहीसा होत नाही, संगणकाच्या मदतीने परत मिळू शकतो.

कॅमेरा बरेच दिवस बॅटरीशिवाय पडून राहिला की तारीख मागे जाते. ही गोष्ट किरकोळ समजू नये. ट्रान्सपोर्टमधून गाठ भिजून आली तर गाठ फोडण्यापूर्वी तिचा, तिच्यावरील मार्क्याचा आणि बिल्टीचा फोटो काढतो, तो पुढे तकरारीत कामी येतो. त्याच्यावर तीन वर्षांपूर्वीची तारीख असेल तर समोरचा तीच धरून बसेल.

भिंग अडकते

भिंग बाहेर येऊन तिथेच थांबते आणि पडद्यावर 'लेन्स एरर' येते. कारणे : पडणे, वाळू, भुसा किंवा कमजोर बॅटरी. आधी पूर्ण चार्ज केलेली बॅटरी घाला. मग बॅटरी आणि कार्ड काढून काही वेळाने पुन्हा बसवा. कॅमेरा उलटा, भिंग जमिनीकडे करून, भिंगाच्या कडेच्या फटीत रबरी फुग्याने हवा मारा आणि चालू करून पाहा. भिंग हाताने ओढू किंवा फिरवू नका, आतले प्लास्टिकचे दाते मोडतात.

आणि कॅमेरा घरी मुळीच उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास वीज साठलेली असते आणि बॅटरी काढल्यानंतरही ती राहते. कारागिराचा हात हीच त्याची रोजी आहे.

पावसाळ्यात एसी दुकानातून कॅमेरा एकदम बाहेर काढल्यास भिंगावर दव धरते. तो प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून बाहेर न्यावा आणि बाहेरच्या हवेइतका गरम झाल्यावर पिशवी उघडावी. एरवी सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवला तर बुरशीपासून बचाव होतो.

शेवटची तपासणी

फोटो पाठवण्यापूर्वी तागा दारात दिवसाच्या उजेडात न्या आणि फोटो त्याच्या शेजारी धरून पाहा. दोन्ही जुळले तर पाठवा. फरक राहिलाच तर 'रंगात थोडा फरक असू शकतो' अशी गुळमुळीत ओळ लिहू नये. 'प्रत्यक्षात माल एक छटा गडद आहे' असे स्पष्ट लिहावे आणि मोठ्या सौद्यात कापडाचा तुकडा पोस्टाने जरूर पाठवावा. आपल्याला ठाऊक असलेला फरक लपवला तर तो कॅमेऱ्याचा दोष राहत नाही, राशीतले ओले धान्य खाली ठेवण्यासारखे होते. सांगितला तर गिऱ्हाईक भाव थोडा कमी करील, पण पुढच्या वेळी फोटो न मागताच माल मागवील, इन्शाअल्लाह.