लाऊडस्पीकर व अँप्लिफायर यांची जुळणी

घरीं उत्तम संगीत ऐकावयाचें असल्यास अँप्लिफायरचे वॅट पाहून पैसे खर्चूं नयेत; प्रथम लाऊडस्पीकरचा स्वभाव जाणावा. एका वॅटवर एक मीटर अंतरावर ९० डेसिबल ध्वनि देणाऱ्या स्पीकरास जेथें १० वॅट पुरतात, तेथें तितक्याच आवाजासाठीं ८४ डेसिबलच्या स्पीकरास ४० वॅट लागतात. पुंडलिकनगरांतील लहानशा खोलीस पहिली जोडी बहुधा पुरेशी होय.

दुसरी गोष्ट रोधाची. ८ ओहमचा म्हणविणारा स्पीकर कांहीं सुरांवर ४ ओहमपर्यंत उतरतो व दुप्पट प्रवाह मागतो. पुण्याच्या केडन्स कंपनीनें स्थिरविद्युत् पडद्याचे लाऊडस्पीकर बनविले. अशा पडद्याचा रोध सूर चढेल तसा उतरतो. तेथें दुर्बल अँप्लिफायर थकतो व सतारीचा झंकार निस्तेज होतो.

अंकांतून विद्युत्-लहरी घडविणारा डिजिटल कन्व्हर्टर सामान्यतः २ व्होल्ट देतो. अँप्लिफायरनें ते वीसपट केल्यास ४० व्होल्ट, म्हणजे ८ ओहमवर २०० वॅट होतात! यास्तव प्रीअँप्लिफायरचें येथील मुख्य काम आवाज आवरण्याचें असतें.

सारांश, हिशेब खोलीपासून आरंभावा व कन्व्हर्टरशीं संपवावा. जुळणारी वस्तु स्वल्प किंमतीचीहि गोड वाजते.