नवस, वण आणि रेषा : सूझा यांच्या चित्रांतील वैयक्तिक दुःखाचा विचार

१

कलावंताच्या जीवनातील दुःख आणि त्याची कलाकृती यांचा संबंध कसा मांडावा, हा साहित्याच्या अभ्यासकाला नित्य पडणारा प्रश्न आहे. बालकवींचा १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात अंत झाला. लासलगाव ज्या लोहमार्गावर आहे, त्याच मार्गावर पुढे भादली लागते. येथील वर्गात बालकवींची उदास कविता शिकवताना तिचा अर्थ त्या मृत्यूत शोधण्याचा मोह म्हणूनच अधिक होतो. वास्तविक कविता आधीची, मृत्यू नंतरचा. चरित्र हाताशी आहे एवढ्यावरून ते कलाकृतीचे कारण ठरत नाही.

अभिव्यक्तिवादी चित्रकलेच्या संदर्भात हा मोह अधिकच बळावतो. बाह्य दृश्याशी प्रामाणिक राहण्यापेक्षा अंतर्गत अनुभवाच्या दाबाखाली आकार आणि रंग यांचे विरूपण करणे, हे या कलेचे लक्षण होय. तेव्हा विरूपण दिसले की त्यामागची जखम शोधावी, असे आपण सहज गृहीत धरतो. हे गृहीतक कोठवर टिकते, हे गोव्याचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा (१९२४–२००२) यांच्या उदाहरणावरून पाहावयाचे आहे.

२

सूझा यांचा जन्म गोव्यातील साळगाव येथला. ते तीन महिन्यांचे असताना वडील वारले. पुढच्या वर्षी थोरली बहीण गेली. आईने मुंबईत शिवणकाम करून संसार चालविला. बालपणीच सूझा यांना देवी आल्या. मुलगा वाचावा म्हणून आईने संत फ्रान्सिस झेवियर यांना नवस केला. मुलगा वाचला, आणि त्याच्या नावात ‘फ्रान्सिस’ हे नाव आले. त्याने पुढे धर्मगुरू व्हावे, अशी आईची इच्छा होती.

येथे ‘नवस’ या शब्दाकडे मराठी वाचकाने विशेष लक्ष द्यावे. ज्या रोगाला आपल्या भाषेने ‘देवी’ असेच नाव दिले, त्या रोगात घरोघर शीतलेला नवस बोलले जात. १९८० मध्ये हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. तथापि चेहऱ्यावर देवीचे वण असलेली माणसे आपल्या गावांनी दीर्घकाळ पाहिली आहेत. त्यामुळे साळगावच्या त्या ख्रिस्ती आईची कृती आपल्याला परकी वाटू नये. नवसाने खाजगी दुःख खाजगी राहत नाही. त्याला देवता, विधी आणि परतफेडीची अट प्राप्त होते. सूझा यांच्या बाबतीत तर आजाराची स्मृती नावातच राहिली. आणि ज्याचे हे नाव, त्या ‘गोंयच्या सायबा’चा देह जुन्या गोव्यातील बॉम जेझुसच्या बॅसिलिकेत जतन केलेला आहे. म्हणजे व्याधिग्रस्त मुलाला ज्याच्या स्वाधीन केले, तोही एका मृत देहाच्या रूपानेच लोकांसमोर होता.

३

‘मिस्टर सेबॅस्टियन’ (१९५५) या चित्रात कोट घातलेल्या आधुनिक माणसाच्या अंगात बाण रुतले आहेत. ‘क्रूसिफिक्शन’ (१९५९) या, आज लंडनच्या टेट संग्रहात असलेल्या चित्रातील ख्रिस्ताचा देह काळा आहे. रेषा काट्यांसारख्या टोकदार आहेत. दात उघडे पडले आहेत. हे बाण व काटे म्हणजे बालपणीचे वणच, असे म्हणणे सोपे आहे. पण ते अपुरे आहे. सूझा यांच्या शैलीमागे स्पेनमधील रोमनेस्क चित्रे, रुओ आणि पिकासो यांचा अभ्यास आहे. ‘वर्ड्स अँड लाइन्स’ (१९५९) या आत्मपर लेखनात त्यांनी चर्चच्या शिकवणुकीपेक्षा त्याच्या भव्यतेचा आणि तेथील रक्तबंबाळ क्रूसमूर्तीचा आपल्यावर प्रभाव पडल्याचे नोंदविले आहे. आजार आणि चित्र यांच्या मध्ये असा एक दुवा आहे: नवसामुळे लाभलेले प्रतिमांचे जग.

एडवर्ड मुंक यांच्याशी तुलना केली असता हा मुद्दा स्पष्ट होतो. १८६८ मध्ये त्यांची आई आणि १८७७ मध्ये बहीण सोफी क्षयाने गेली. १८८५–८६ मध्ये त्यांनी ‘आजारी मूल’ हे चित्र रंगविले आणि पुढील सुमारे ४० वर्षांत त्याच्या एकूण सहा रंगचित्र-आवृत्त्या केल्या. पहिल्या चित्रात रंगाचा थर पुनःपुन्हा चढविला व खरवडला आहे. येथील दुःख उशाशी बसून पाहणाऱ्याचे आहे. म्हणून ते प्रसंग सोडीत नाही. सूझा यांचे दुःख वाचलेल्याचे आहे. त्यांच्या चित्रांत आजाऱ्याची खोली येत नाही. येतो तो ज्याच्यापुढे हात जोडले गेले तो देह, आणि तोही सांत्वन नाकारणारा. ज्या श्रद्धेने त्यांना वाचविल्याचे घरात मानले गेले, तिच्याच प्रतिमेला त्यांनी वेदना परत दिली. धर्मगुरू न झालेल्या मुलाने नवस असा उलट्या रीतीने फेडला, असे म्हणता येईल.

४

मर्ढेकरांनी कलाकृतीचे सौंदर्य संवाद, विरोध आणि समतोल या लयींत पाहिले. त्यांची भूमिका स्वीकारली, तर चरित्र अप्रस्तुत ठरते. केवळ चरित्र स्वीकारले, तर रेषा अप्रस्तुत ठरते. सूझा यांचे उदाहरण तिसरी वाट सुचविते. दुःख कलाकृतीत थेट येत नाही. ते समाजाने दिलेल्या एखाद्या रूपातून येते, आणि त्या रूपाशी कलावंताने केलेला झगडा रेषेच्या लयीत वाचता येतो. ‘क्रूसिफिक्शन’मधील काटे आणि दात यांचा विरोध म्हणजे तो झगडाच होय.

लासलगावी मूळ चित्र पाहावयास मिळत नाही. छापील प्रतिकृतीत रंगाचा थर आणि खरवड हरवते, हाती उरते चरित्रच. म्हणून चित्र वा कविता शिकवताना ‘कवीला काय झाले होते?’ या प्रश्नाबरोबरच ‘जे झाले ते कोणत्या रूपात त्याच्या हाती आले, आणि त्या रूपाचे त्याने काय केले?’ हा प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चरित्रात मिळते. दुसऱ्याचे मिळवण्यासाठी कलाकृतीकडेच परतावे लागते.