बॉडी उचलण्याआधी

पेठ वडगाव,
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

चि. बाळू,


तुझा मोबाइलवरचा लांबलचक निरोप वाचला. एवढ्याशा पडद्यावर टाइप करणं मला जमत नाही, म्हणून कागदावर लिहितोय. धाकटीला सांगून फोटो काढून पाठवतो.

दिवाळीच्या सुट्टीत परड्यातल्या शेडमध्ये हेराल्डची बॉडी चासीवरून उतरवायची असं तू ठरवलंयस आणि विचारतोयस, घरी जमेल का. जमेल. भारतात बनलेल्या मोटारींत हेराल्डइतकी सहज उतरणारी बॉडी मी दुसरी पाहिली नाही. तरी दिवाळीत ती उचलू नकोस. आधी ती चासीवर असतानाच पत्र्याचं वेल्डिंग उरकू, आणि मगच उचलू. तुला हा क्रम उलटा वाटेल. त्याचसाठी एवढं लिहिणं.

वाठारच्या फाट्यावर उभं राहिलास तर कधी कधी नुसत्या चास्या जाताना दिसतात. केबिन नाही, छप्पर नाही, ड्रायव्हर फळकुटावर बसलेला, तोंडाला गमछा बांधलेला. इंजिन, गिअर, चाकं, स्टिअरिंग सगळं त्या सांगाड्यावरच असतं. बॉडी मागाहून कुणीतरी बांधतो. जुन्या काळी मोटारीही अशाच व्हायच्या. लहानपणी दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक बघून तू वेडा झाला होतास ना? मेबॅक कंपनी चासी आणि इंजिन बनवायची, वरची बॉडी बाहेरच्या कारागिरांकडून व्हायची. पुढे बहुतेक कंपन्यांनी चासी आणि बॉडी एकत्र करून टाकली. आपली अँबॅसिडर तशी, फियाट म्हणजे पद्मिनीही तशीच. त्यांच्या बॉडीखालून काढायला वेगळी चासीच नाही, पत्र्याची पेटी हाच सांगाडा. एखाद्या व्हिडिओत पाहिलंस म्हणून मित्राच्या पद्मिनीवर हा प्रयोग करायला जाशील, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. जीपची गोष्ट निराळी. महिंद्राच्या जुन्या जीपची टप मी कितीदा उतरवलीय, पण जीप म्हणजे सरळ पत्रे आणि जाड लोखंड. तिच्यावर शिकलेला माणूस हेराल्डला जरा जास्तच आडदांडपणे हात लावतो.

हेराल्ड १९५९ साली इंग्लंडात आली. तोवर बहुतेक कंपन्या एकसंध बॉडीकडे वळल्या होत्या आणि ही उलट वाटेने गेली, त्याचं कारण व्यवहाराचं होतं. स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉड्या पुरवणारा फिशर अँड लडलो हा कारखाना १९५३ साली प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने घेतला. अख्खी बॉडी एका ठिकाणी दाबून देणारं कुणी हाताशी राहिलं नाही. मग वेगळी चासी केली, मिकेलोत्ती नावाच्या इटालियन डिझायनरकडून रूप काढून घेतलं आणि ठिकठिकाणाहून पत्र्याचे भाग करून घेऊन ते बोल्टांनी जोडले. कंपनीची अडचण आज तुझ्या पथ्यावर पडलीय बघ. आपल्याकडे मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती १९६१ पासून काढली, ९४८ सीसीचं इंजिन टाकून.

तुझी मात्र चार दारांची, मार्क थ्री. ही इंग्लंडात कधी निघालीच नाही. फक्त आपल्याकडची. याचा अर्थ असा, की इंजिनाचं, ब्रेकचं, पुढच्या सस्पेन्शनचं सामान तिकडून मागवता येईल, पण मागच्या दाराचा आणि दारांमधल्या खांबाचा पत्रा जगात कुठल्या कॅटलॉगात मिळायचा नाही. सडलेला तुकडा कापलास तरी टाकू नकोस. त्याच्यावरूनच नवा बनवायचा आहे. धाकटीलाही बजावून ठेवलंय, भंगारवाला आला तर परड्याचं दार लावून घ्यायचं.

काल संध्याकाळी बॅटरी घेऊन गाडीखाली शिरलो होतो. मधल्या दोन मुख्य पट्ट्या ठणठणीत आहेत, हातोडीचा आवाज स्वच्छ येतो. त्यांच्यापासून बाजूला निघालेले जे हात आहेत, ज्यांच्यावर बॉडीच्या कडा टेकतात, त्यांतला डावीकडचा मागचा गेलाय. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला आणि तपकिरी पीठ तोंडावर सांडलं. वरून कुणीतरी डांबर फासून ठेवलंय, त्यामुळे बघणाऱ्याला जाड आणि धड वाटतं. डाव्या बाजूची फ्लोअरही पुढच्या सीटच्या मागे जाळीसारखी झालीय. आणि डावं मागचं दार लावताना किंचित उचलावं लागतं, हे तू गाडी घेतानाच पाहिलं असशील.

ते दार का उचलावं लागतं? हात बसला, म्हणून त्याच्यावरची बॉडी बसली. हेराल्डच्या बॉडीला स्वतःचा ताठरपणा फारसा नाही, तिचा आकार खालची चासी धरून ठेवते. ती आत्ताच उचललीस तर दोन चुका एकमेकींपासून सुटतात. बॉडी एका आकारात वाकलेली, चासी दुसऱ्या. मग तू बॉडी शेडमध्ये ठेवून तिची फ्लोअर नवी घालणार, अगदी सुबक, आणि तो वाकलेला आकार कायमचा वेल्ड करून टाकणार. पुढे चासी नीट करून वर ठेवायला गेलास की बोल्टाची भोकं बोटभर सरकलेली. चार गावं फिरलास तर ताडपत्रीखाली अशी एखादी गाडी दिसेल. मालक सांगतो, वेळ मिळत नाही.

म्हणून गाडी आहे तशीच चार घोड्यांवर घेऊ. खाली कोबा आहे, बरं आहे. नुसत्या जॅकवर गाडी असताना खाली शिरायचं नाही, हे तुला लहानपणापासून सांगतोय. गवंड्याकडची पाण्याची नळी आणून चासी पातळीत करू. चासीवरच्या ठरावीक जागांवरून ओळंबा सोडून खाली खडूने खुणा करायच्या आणि तिरके कर्ण टेपने मोजायचे. दोन कर्णांत पाव इंचाहून जास्त फरक आला तर पुढे जायचं नाही, आधी ते बघायचं. मग एका वेळी एकच हात कापायचा, नवा बसवायचा, पुन्हा मोजायचं. दारं सगळी बिजागरीवरच राहू देत. प्रत्येक टाक्यानंतर दार उघड-बंद करून फट बघायची. दार खोटं बोलत नाही. हात झाले की फ्लोअर, तीही बॉडी बोल्टांनी आवळलेली असताना.

वेल्डिंगला कुणाला बोलवायचं यावर थोडं सांगतो, कारण तू लगेच ट्रॉलीवाल्याकडे जाशील. उसाच्या ट्रॉल्या बांधणारे आपल्याकडचे कारागीर उत्तम आहेत, पण त्यांचा हात पाच एमएमच्या अँगलवर बसलेला. हेराल्डचा पत्रा वीस गेजच्या आसपास, एक मिलिमीटरसुद्धा नाही. साध्या रॉडने त्याला भोकं पडतात, मग ती भोकं बुजवायला आणखी रॉड. सीओटूवाला हवा, आणि तोही सलग न ओढता थांबून थांबून टाके घालणारा. शिरोलीला किंवा उद्यमनगरात मिळेल. आधी टाकाऊ पत्र्यावर चार टाके घालून दाखव म्हणायचं. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

वेल्डिंगआधी पेट्रोलची टाकी डिकीतून काढून घराबाहेर न्यायची. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, आत वाफ असते. शेजारी वाळूच्या दोन बादल्या ठेव.

एवढं झाल्यावर मग बॉडी उचलायची. हे काम वाटतं तेवढं मोठं नाही, तयारीच मोठी. बॉनेट आधी, पुढच्या बिजागरीतून सुटून अख्खं येतं, दोन माणसं लागतात. मग सीट, दारं, रेडिएटर. गिअरबॉक्सवरचं झाकण आतून निघतं. स्टिअरिंगचा जोड, ब्रेक आणि क्लचच्या नळ्या, स्पीडोमीटरची केबल, हँडब्रेक, ॲक्सिलरेटर, चोक, पेट्रोलची नळी, वायरिंग. वायर कापायची नाही. दोन्ही टोकांना कागदी पट्टी चिकटवून तोच आकडा दोन्हीकडे लिहायचा. बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय ते आधी बघून लिहून ठेव, त्या काळच्या इंग्रजी गाड्यांत प्लस अर्थ सर्रास असे. ब्रेकचे ड्रम उघडलेस तर आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नकोस, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो. ओल्या फडक्याने पुसायची.

पाने इंचीच लागतील. तुझ्याकडे मिलिमीटरचा चकचकीत सेट आहे, तो घरी ठेव. तेराचा पाना अर्धा इंची नटावर बसल्यासारखा वाटतो, कारण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. पण तेवढ्या फटीत पन्नास वर्षांचा गंजलेला नट कोपरे गोल करून घेतो आणि मग छन्नीशिवाय इलाज नाही. आठवडाभर आधीपासून रोज संध्याकाळी प्रत्येक बोल्टावर गंजाचं तेल सोड. खोलताना आधी किंचित आवळायचा, कट् आवाज आला की मग उलटा फिरवायचा. आतला नटच फिरायला लागला तर ग्राइंडरने डोकं उडव. गॅसची ज्योत नको, डांबर पेटतं.

बॉडीच्या आणि चासीच्या मध्ये रबरी गाद्या असतात आणि काही जागी त्यांच्याबरोबर पत्र्याच्या चकत्या. कुठे एक, कुठे दोन, कुठे एकही नाही. कारखान्यात दाराची फट जुळवायला त्या घातलेल्या असतात. प्रत्येक बोल्टाची वेगळी पिशवी कर, तीत बोल्ट, चकत्या, जुनी गादी सगळं, आणि वर जागेचं नाव लिही. गाद्या पुन्हा वापरायच्या नाहीत, पण जाडी मोजायला लागतात. नव्या गाद्यांना साखर कारखान्याच्या जुन्या कन्व्हेअर पट्ट्याचं रबर चांगलं चालतं, आत कापड असतं, दबत नाही.

दारं निघाली की त्यांच्या चौकटींत अँगलचे आडवे-तिरके तुकडे टाक्यांनी धरून घे, पुढच्या खांबापासून मधल्यापर्यंत, मधल्यापासून मागच्यापर्यंत. तसं न करता उचललीस तर सुंभ सैल झालेल्या बाजेसारखी मधोमध झोळ पडेल.

चेन कप्पी लावायचं तुझ्या मनात आहे. शेडच्या पाइपाला ती लावायची नाही. ते पाइप पत्र्यांचा भार धरतात, मोटारीचा नाही. त्यापेक्षा तालमीतली आठ पोरं बोलव. अख्खी गाडीच आठशे किलोच्या आसपास. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं खाली राहिल्यावर बॉडीत फारसं काही उरत नाही. सोमवार सोडून कुठलाही दिवस ठरव, सोमवारी सगळे बाजारात. पोरं येण्याआधी जॅक आणि फळी लावून एकेक कोपरा इंचभर वर घे आणि सगळीकडून बॅटरी मारून बघ. मागच्या सीटखालचा किंवा डिकीतला एखादा बोल्ट हमखास राहून गेलेला असतो. तो राहिला आणि आठ जणांनी जोर लावला तर फ्लोअर फाटून हातात येते. बॉडी वर घेऊन सगळ्यांनी जागेवर थांबायचं, तू आणि मी चासी पुढून ढकलून बाहेर काढू. मग बॉडी लाकडी ओंडक्यांवर, कडांच्या रेषेत. चासी साफ करताना मागचा आडवा पाटा किंवा पुढच्या स्प्रिंगा उघडायची घाई करू नकोस, त्या दबलेल्या असतात आणि सुटल्या तर माणूस आडवा करतात. तेवढ्यापुरता मी येईपर्यंत थांब. रंग दिल्यावर चासी आणि बॉडीमध्ये अर्थची पट्टी आठवणीने जोड, नाहीतर नव्या रंगामुळे दिवे लागायचे नाहीत आणि तू वायरिंगला शिव्या देत बसशील.

शेड वीस बाय बारा. हेराल्ड तेरा फूट लांब, पाच फूट रुंद. बॉडी आणि चासी शेजारी-शेजारी ठेवल्यावर फिरायला जेमतेम वाट राहते. वेल्डिंग दिवाळीत सुरू केलंस तर संक्रांतीनंतर उचलता येईल, आणि पावसाळ्याआधी चासीला रेडऑक्साइड आणि रंग लागून गेला पाहिजे. आपल्या जून-जुलैच्या हवेत घासलेलं लोखंड रातोरात तांबूस होतं.

कागदाचंही बघ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही. २०२१ च्या जुलैत केंद्राने जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंबरात व्हीए ही अक्षरं. पण मग ती रोज ऑफिसला नेता येत नाही, हे घरी आधीच सांग. हात बदलणं ही दुरुस्ती आहे. मुख्य पट्टी कापून जीपचं काहीतरी जोडणं, जे तू निरोपात सहज लिहून गेलास, ते करायचं नाही. नंबरची पाटी कुठे आहे ते शोधून तिच्यावर टेप लाव, पेन्सिलीने छाप घे, फोटो काढ, आणि तिचे रिव्हेट कुणालाही काढू देऊ नकोस. आरसी बुकातला नंबर आणि पाटीवरचा नंबर जुळतो का, हे मला या आठवड्यात कळव. जुळत नसेल तर घोडे, वेल्डर, पोरं सगळं नंतर, आधी कोल्हापूरच्या आरटीओत जाऊन येऊ.

आईबाबांना नमस्कार.

तुझा,
काका

ता. क. टाकीतलं पेट्रोल काल मी काढलं. दोन लिटर निघालं, व्हार्निशसारखा वास येत होता. तू येशील तेव्हा टाकीच्या तळाला काय बसलंय ते दाखवतो. अर्धा, सात-सोळा आणि नऊ-सोळाचे रिंगपाने माझ्याकडे आहेत, ते विकत घेऊ नकोस. बॉक्सपाना मात्र चांगला बघून घे.