पिरॅमिड फुकट, तळघराला तिकीट

पॅरिसला जाऊन आलेल्या बहुतेकांच्या फोनमध्ये काचेच्या पिरॅमिडच्या टोकाला बोट टेकवल्याचा फोटो असतोच. त्या फोटोला एक पैसा लागत नाही, हे मात्र निघण्याआधी फारसं कुणी सांगत नाही. लूव्रच्या जुन्या राजवाड्याच्या अंगणात तिकिटाशिवाय फिरता येतं. १९८९ साली आय. एम. पेई या वास्तुविशारदाने तिथे हा एकवीस-बावीस मीटर उंच पिरॅमिड उभारला. राजवाड्याच्या मधोमध काच कशाला, म्हणून तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! आता तीच काच बघायला जग येतं.

तिकीट लागतं ते पिरॅमिडखालून संग्रहालयात शिरायला. १४ जानेवारी २०२६ पासून आपल्यासारख्या युरोपबाहेरच्या पर्यटकांना ते ३२ युरोंना पडतं, आधी २२ होतं. युरोचे शंभरच रुपये धरले तरी माणशी ३,२०० झाले, आणि खरा दर त्याहून चढाच असतो. अठरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत, पण पासपोर्ट जवळ हवा. जर्मनीत शिकणारा भाचा बरोबर असेल आणि सव्विशीच्या आतला असेल, तर तिथल्या रहिवासाच्या परवान्यावर तोही फुकटात जातो. म्हणजे आई-वडील, दोन शाळकरी मुलं आणि भाचा मिळून तिकिटाचे ६४ युरो, १६० नव्हे.

तिकीट संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा आणि वेळ आधी ठरवा. ‘रांग टाळा’ म्हणून दुप्पट पैसे मागणारे दलाल भरपूर आहेत, पण वेळेचं तिकीट हातात असलं की त्यांची गरजच उरत नाही. सुरक्षा तपासणी मात्र कुणालाच चुकत नाही. म्युझियम पास घेतलात तरी लूव्रसाठी वेळ वेगळी राखून ठेवावी लागते. मोठी ट्रॉली बॅग आत घेत नाहीत, ती हॉटेलवरच ठेवा.

मेट्रोने ‘पॅले रॉयाल–म्युझे द्यु लूव्र’ला उतरा. एका फेरीला अडीच युरोंच्या आसपास लागतात. कार्ड यंत्राने ‘रुपये की युरो?’ विचारलं तर युरोच निवडा, रुपयांचा दर महागात पडतो. अंगणात सह्या गोळा करणारी टोळकी दिसली तर पाकीट सांभाळून पुढे चला.

तीन तास पायपीट करण्याची तयारी आणि चित्रांची ओढ असेल, तर ३२ युरो जरूर खर्च करा. नुसतं मोनालिसासमोर गर्दीत उभं राहून परतायचं असेल, तर माझ्या मते पैसे वाचवा. जमिनीखालच्या ‘कारुझेल’ बाजारात १९९३ सालचा उलटा पिरॅमिडही फुकट बघायला मिळतो, आणि दिवे लागल्यावर वरचा पिरॅमिड दिवसापेक्षा देखणा दिसतो. मंगळवारी संग्रहालय बंद असतं. नुसता पिरॅमिडच बघायचा असेल तर तोच वार धरा, गर्दी कमी असते.