नवा सिनेमा घरी भाड्याने : चौथीच्या वर्गातला एक हिशोब



आजचा विषय वाचून काही जण म्हणतील, शाळेचा आणि पिक्चरचा काय संबंध? सोमवारी परिपाठ संपल्यावर मुलं एकमेकांना काय सांगतात ते एकदा कान देऊन ऐका. निम्मी चर्चा पिक्चरचीच असते. त्यात "मी तर कालच बघितला, मोबाईलवर" असं सांगणारा एखादा असतोच. नवा सिनेमा आता घरात येतो, मग तो कसा येतो, त्याचे पैसे कोण देतं, हे मुलांना कळायला काय हरकत आहे?

सुरुवात शब्दापासून करा. 'भाड्याने काय काय मिळतं?' असा प्रश्न मी चौथीच्या वर्गात फळ्यावर लिहिला. उत्तरं भराभर आली. ट्रॅक्टर, मांडव, खोली, लग्नातली भांडी, सायकल, बँजो, नवरदेवाचा घोडा. सिनेमा कुणीच सांगितला नाही. मग भाडं म्हणजे काय, ते मुलांकडूनच काढून घेतलं. वस्तू आपली होत नाही, ठरलेल्या वेळेपुरती वापरायची आणि परत द्यायची. "आणि पिक्चर भाड्याने घेतला तर परत कसा द्यायचा?" यावर एकाने सांगितलं, "मॅडम, तो आपोआपच जातो." इतकी छान व्याख्या मलाही सुचली नसती.

पालकांना ही गोष्ट खरं तर नवी नाही. ऐंशीच्या दशकात व्हीसीआर आणि कॅसेटा रात्रभरासाठी भाड्याने आणायचे, आणि एका घरात सगळी आळी जमायची. माझ्या वयाच्या लोकांनी सीडी प्लेअरचा काळ पाहिला. एका पिक्चरच्या दोन सीडी असायच्या, पहिली संपली की तेच मध्यंतर. सकाळी दुकानात परत नेऊन द्यायला उशीर झाला की दुसऱ्या दिवसाचं भाडं लागायचं. आता दुकान नाही, पण पद्धत तीच आहे. मे २०२१ मध्ये, थिएटरं बहुतेक ठिकाणी बंद असताना, सलमान खानचा 'राधे' घरबसल्या २४९ रुपयांत पाहता येत होता. २०२२ मध्ये प्राइम व्हिडिओने भारतात वर्गणीशिवाय एकेक सिनेमा भाड्याने द्यायला सुरुवात केली.

आपल्याला शिकवायला मात्र सगळ्यात सोयीचं उदाहरण २०२५ सालचं आहे. आमिर खानचा 'सितारे जमीन पर' २० जूनला थिएटरमध्ये लागला आणि १ ऑगस्टला यूट्यूबवर भाड्याने आला. तेव्हा भारतात भाडं १०० रुपये होतं. थिएटरपर्यंत जे पोहोचत नाहीत त्यांच्यापर्यंत सिनेमा न्यायचा, असं कारण आमिर खान यांनी सांगितलं होतं. बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंच्या बास्केटबॉल संघाची आणि त्यांच्या प्रशिक्षकाची ही गोष्ट. 'चॅम्पियन्स' या २०१८ च्या स्पॅनिश सिनेमावरून ती घेतली आहे. शिक्षकांनी आणि पालकांनी पाहावा असाच हा विषय आहे. २००७ चा 'तारे जमीन पर' आपल्यापैकी बहुतेकांनी डीएडच्या काळात किंवा प्रशिक्षणात कधी ना कधी पाहिलेला असतोच.

आता हिशोब

पहिलं उदाहरण दिनदर्शिकेचं. २० जून ते १ ऑगस्ट किती दिवस? जूनचे उरलेले १०, जुलैचे ३१ आणि ऑगस्टचा १, मिळून ४२. ४२ ला ७ ने भागा, बरोबर ६ आठवडे. बाकी शून्य आल्यावर मुलांना जो आनंद होतो तो वेगळाच.

दुसरं उदाहरण मात्र पूर्ण तासिका खातं, आणि खाऊ द्या. आमच्या गावात थिएटर नाही, तालुक्याचं टॉकीज कधीच बंद पडलं. पिक्चरला जायचं तर एसटीने जिल्ह्याला. समजा घरात पाच माणसं आहेत : बाबा, आई, दहा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि ७६ वर्षांचे आजोबा. एसटीचं एका बाजूचं पूर्ण तिकीट ६० रुपये धरा. बाबांचे ६०. आईचे ३०, कारण महिलांना अर्धं तिकीट. दोन्ही मुलांचे ३०-३०. आजोबांना ७५ च्या पुढे मोफत. एका बाजूचे १५० झाले, येऊन-जाऊन ३००. सिनेमाचं तिकीट प्रत्येकी १८० धरलं तर पाच जणांचे ९००. एकूण १२००. म्हणजे माणशी २४० रुपये. घरी भाड्याने घेतला तर १०० भागिले ५, माणशी २० रुपये.

एवढ्यावर थांबलात तर मुलं 'भाड्याचा स्वस्त' एवढंच लिहून वही मिटतील. पुढचा प्रश्न विचारा : घरात एकट्यानेच पाहिला तर माणशी किती? १०० भागिले १. भाजक बदलला की उत्तर कसं बदलतं हे इथे जितकं पटकन कळतं तितकं लाडू वाटून कळत नाही. शिवाय आजीला आणि काकूला बोलवावं हेही मुलांना आपसूक सुचतं.

आणखी एक खर्च मुलंच शोधून काढतात, तो म्हणजे डेटा. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये अडीच तासांचा सिनेमा एकदम स्वच्छ चित्रात बसत नाही. क्वालिटी कमी करावी लागते, किंवा दोन दिवसांत वाटून पाहावा लागतो. ज्यांच्याकडे वायफाय आहे त्यांनी हे गणित हसण्यावारी नेऊ नये.

याच तासाला एका मुलीने विचारलं, "मॅडम, सगळ्यांनी घरीच बघितला तर थिएटरवाल्यांनी काय करायचं?" चौथीतल्या मुलीचा प्रश्न, पण सिनेमाचा धंदा करणारे मोठमोठे लोक यावरच भांडत असतात. म्हणून तर सिनेमा आधी थिएटरमध्ये आणि मग घरी, असं अंतर ठेवतात. हिंदी सिनेमांसाठी मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या साधारण आठ आठवडे मागतात. आपलं उदाहरण सहा आठवड्यांचं आहे, हे मुलांनी आधीच काढलेलं असतं. ज्याला पहिल्या दिवशी मोठ्या पडद्यावर बघायचाय तो जास्त पैसे देतो, ज्याला थांबता येतं तो कमी देतो. मंडईत आंबा पहिल्यांदा येतो तेव्हाचा भाव आणि नंतरचा भाव, हे उदाहरण द्या, लगेच समजतं.

४८ तासांची गोष्ट

भाड्याने घेतलेला सिनेमा साधारणपणे ३० दिवसांत केव्हाही सुरू करता येतो, आणि एकदा सुरू केला की ४८ तासांत संपवायचा असतो. पैसे भरण्याआधी त्या पानावर मुदत लिहिलेली असते, ती मुलांकडूनच वाचून घ्या. शनिवारी रात्री ८ वाजता सुरू केला तर कधीपर्यंत? सोमवारी रात्री ८. चोवीस-चोवीस तासांच्या दोन उड्या.

या ४८ तासांचं मोल मला एका पालक आईने दाखवलं. त्यांची मुलगी आमच्याच शाळेत तिसरीत आहे, स्वमग्न आहे. मोठा आवाज झाला की कानावर हात ठेवते, अंधारात घाबरते, वीस-पंचवीस मिनिटांच्या वर एका जागी बसत नाही. तिला घेऊन थिएटरमध्ये जायचा प्रश्नच नव्हता. एकदा नेलं होतं, आजूबाजूचे लोक वळून वळून बघायला लागले म्हणून अर्ध्यातून बाहेर आले. ज्या मुलांवर सिनेमा काढलाय, त्यांच्यातल्याच कित्येकांना तो थिएटरमध्ये बसून बघता येत नाही, याचा विचार आपण किती जण करतो?

त्यांनी घरी भाड्याने घेतला. दिवा चालू ठेवला, आवाज बारीक केला, दार उघडं ठेवलं. शनिवारी दोन तुकडे, रविवारी तीन. मधे मधे मुलगी उठून अंगणात जाऊन यायची, तेवढा वेळ सिनेमा थांबवलेला. काही भाग तिने दोनदा-तीनदा लावायला लावला. तिचा चुलतभाऊ माझ्या वर्गात आहे, तोही बरोबर होता. सोमवारी त्याने वर्गात सिनेमाची गोष्ट नाही सांगितली. "आमची ताई बॉल उडाला की टाळ्या वाजवते," एवढंच म्हणाला. याआधी तो वर्गात तिचा विषयच काढू द्यायचा नाही.

आईला मी विचारलं, कसा वाटला? त्या म्हणाल्या, "चांगलाय. पण मॅडम, पिक्चरमधल्या पोरांना शिकवायला कोच मिळतो. आमच्याकडं मीच." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या केंद्रात येणाऱ्या विशेष शिक्षिकांकडे बऱ्याच शाळा आहेत, त्या येतात तेव्हा येतात. शिक्षक मित्रांनो, सिनेमावर चर्चा घ्याल तेव्हा 'किती प्रेरणादायी!' एवढ्यावर संपवू नका. आपल्या वर्गातल्या अशा मुलाला खेळात कुठली जागा द्यायची, गुण कोणी मोजायचे, चेंडू कोणी फेकायचा, यावर मुलांना बोलतं करा. आमच्याकडे आता ती मुलगी लंगडीच्या डावात शिट्टी वाजवते.

पालकांसाठी दोन-चार गोष्टी भराभर सांगते. भाडं भरण्यापूर्वी सिनेमाचं प्रमाणपत्र बघा. 'यूए'चे आता यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे तीन गट आहेत. १३+ असलेला सिनेमा चौथीतल्या मुलाला दाखवायचा असेल तर शेजारी बसून दाखवा, मोबाईल हातात देऊन नाही. 'भाड्याने' आणि 'विकत' ही दोन बटणं जवळजवळ असतात आणि किमतीत बराच फरक असतो, म्हणून पैसे मोठ्यांनीच भरावेत. यूपीआयचा पिन मुलांना पाठ असेल तर आधी तो बदला.

आणि ते "मी तर मोबाईलवर बघितला" वालं प्रकरण. टेलिग्रामवरून आलेली फाईल फुकट असते, पण तिच्याबरोबर सट्ट्याच्या जाहिराती आणि भलती ॲप येतात. थिएटरमध्ये चोरून रेकॉर्डिंग करणं आणि ते पसरवणं यासाठी २०२३ च्या दुरुस्तीनुसार किमान ३ महिने ते ३ वर्षं कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड आहे. मुलाला शिक्षेची भीती घालण्यापेक्षा मी विचारते, तुझ्या बाबांचा कांदा कुणी रात्री शेतातून नेला तर? आमच्याकडे हे पुरतं.

शिक्षकांचा नेहमीचा प्रश्न : भाड्याने घेतलेला सिनेमा शाळेत प्रोजेक्टरवर लावू का? कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये शाळेच्या उपक्रमाला सवलत आहे. प्रेक्षक फक्त शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि शाळेशी संबंधित माणसं असली तर सिनेमा दाखवणं हा भंग धरत नाहीत. पण भाडं भरताना यूट्यूबच्या ज्या अटी आपण न वाचता मान्य करतो, त्यात वैयक्तिक वापर असं म्हटलेलं आहे. कायदा एक सांगतो, करार दुसरं. मी स्वतः वर्गात लावत नाही. ज्यांनी घरी पाहिलाय त्यांना बोलू देते, ज्यांनी नाही पाहिला ते प्रश्न विचारतात. उलट न पाहिलेल्यांचे प्रश्नच जास्त चांगले असतात.

एक विनंती. 'सिनेमा पाहून या' असा गृहपाठ देऊ नका. रोजंदारीवर जाणाऱ्या घरात शंभर रुपये म्हणजे दोन दिवसांचं दूध. हिशोब सगळ्यांनी करावा, सिनेमा ज्याला जमेल त्याने पाहावा. आणि भाड्याचे दर बदलत असतात, तेव्हा वर्गात गणित घालण्याआधी त्या दिवशीचा दर बघून घ्या.